अनुभव धागा : पोलिसांच्या भरधाव गाडीशी टक्कर

धागाकर्ता

पोलिसांच्या भरधाव गाडीशी झालेली टक्कर हे साध्या अपघातापेक्षा वेगळं प्रकरण असतं. समोरच्याला वेगमर्यादा आणि लाल सिग्नल ओलांडायची सवलत बहुतेक कायद्यांत असते. महत्त्वाचा पुरावा त्याच्याच गाडीत असतो. जागेवर मोजमाप घ्यायला येणारे बरेचदा त्याच्याच खात्यातले. ज्यांचा कामानिमित्त या प्रकाराशी संबंध येतो त्यांनी इथे लिहावं : चालक-प्रशिक्षक, अपघाताची मोजणी करणारे, डॉक्टर, वकील, गॅरेजवाले, कोणीही. विनंती एकच. 'माझ्या बाबतीत काय झालं' ही कहाणी नको, त्यातून हाती काय लागलं ते लिहा. पोलीस चांगले की वाईट यावर दुसरीकडे भांडा.

निळा दिवा

सायरनपासूनच सुरुवात करतो, कारण सगळे वाद शेवटी तिथेच येऊन थांबतात. 'एवढा मोठा सायरन ऐकू आला नाही?' हा प्रश्न विचारणाऱ्याने कधी हिशोब केलेला नसतो.

गाडीवरचा सायरन समोर तीन मीटरवर साधारण १२० डेसिबल भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. म्हणजे ६ मीटरवर ११४, १२ वर १०८, २४ वर १०२, ४८ वर ९६ आणि ९६ मीटरवर ९०. काचा बंद असलेली कार त्यातले पंचवीस-तीस सहज खाते. आत उरले साठ-पासष्ट. टायरचा आवाज, पंखा आणि गाणी मिळून आत तेवढा गोंगाट असतोच. थोडक्यात, सायरन कानात उठून येतो तेव्हा गाडी शंभर मीटरच्या आत आलेली असते. ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. हातात उरतात तीन सेकंद.

आणि हे झालं समोरून किंवा मागून सरळ येणाऱ्या गाडीचं. चौकात आडव्या रस्त्याने येणारी असेल तर याहून कमी. भोंग्याचं तोंड पुढे असतं, बाजूला आवाज आधीच उतरलेला असतो; कोपऱ्यावरची इमारत उरलेला अडवते आणि समोरच्या भिंतीवरून परत पाठवते. त्यामुळे आवाज आला तरी कुठून आला हे कळत नाही. माणूस आरशात बघतो आणि गाडी शेजारून येते. काही गाड्यांवर खालच्या पट्टीतला घुमणारा जादा सायरन बसवतात तो याचसाठी. तो आवाज पत्र्यातून आत शिरतो.

चालवणाऱ्याला शिकवतात ते असं : सरळ रस्त्यावर लांब सूर, चौकाच्या आधी सूर बदलून तुटक आणि जलद. लाल सिग्नलला वेग पाडायचा, गरज पडली तर थांबायचं आणि एकेक लेन मोकळी झाल्याची खात्री करत पुढे सरकायचं. चूक होते ती दुसऱ्या लेनला. पहिल्या लेनमधली उंच गाडी थांबते आणि तीच पोलीस गाडी झाकते. दुसऱ्या लेनमधल्याला सिग्नल हिरवा आहे, शेजारचा का थांबलाय ते कळत नाही, तो निघतो. पोलीस चालकाला वाटतं, पहिला थांबला म्हणजे चौक आपला झाला. ही टक्कर इतकी ठरलेली आहे की चौकाचा नकाशा बघून जागा दाखवता येते.

चौथा गिअर

वरच्याला पुस्ती. एक गेली म्हणून निघू नका. पाठलाग असो की मदतीची हाक, गाड्या क्वचितच एकट्या येतात. पहिलीचा सायरन लांब जाताना दुसरीचा त्यातच मिसळतो आणि ऐकणाऱ्याला तो एकच वाटतो. पाठलाग असेल तर सर्वांत आधी येणाऱ्या, पळणाऱ्या गाडीला ना दिवा ना भोंगा.

ए-पिलर

'दिसली कशी नाही?' याचंही उत्तर आहे. दोन गाड्या कायम वेगाने एकाच बिंदूकडे निघाल्या असतील तर एकीच्या चालकाला दुसरी काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. ती जागा नेमकी पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबामागे आली तर शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली राहू शकते. मान पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघणं एवढाच उपाय. अपघातानंतर याचा उपयोग असा : चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, सीट त्याच जागी ठेवून, त्या दिशेचा फोटो काढून ठेवावा. सीट मागे सरकवली की पुरावा गेला.

मोजपट्टी

वेगाबद्दल लिहितो. जरा लांब होईल.

आधी ताशी ६० घ्या. भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, त्यात २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर आणखी २० मीटर. एकूण ४५ मीटरवर गाडी उभी. आता ताशी १२०. त्याच दीड सेकंदात ५० मीटर. म्हणजे जिथे ६० वाली थांबून उभी आहे, तिथे १२० वालीने अजून ब्रेकला पाय लावलेला नाही. पुढे ब्रेकखाली आणखी ८० मीटर लागतात. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट.

घसरणीच्या खुणांवरून वेग काढायचा तर घर्षणांक (रस्त्याची पकड सांगणारा आकडा) गुणिले खुणेची लांबी मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ, गुणिले १५.९. घर्षणांक ०.७ आणि खूण ३० मीटर असेल तर २१ चं वर्गमूळ ४.५८, म्हणजे ताशी ७३. लोक इथे दोन चुका करतात. पहिली, हा पूर्ण वेग समजतात. हा फक्त घसरताना गमावलेला वेग. खूण संपली तिथे गाडी थांबली नसेल, आदळली असेल, तर आदळतानाचा वेग वेगळा काढावा लागतो. दुसरी चूक म्हणजे ते दोन आकडे सरळ मिळवणं. आदळताना ८० असेल तर ७३ अधिक ८० असं १५३ होत नाही. वर्ग करून मिळवायचे आणि मूळ काढायचं : १०८. अर्ज-निवेदनात १५३ लिहून बसलात की समोरचा तज्ज्ञ तेवढं एकच वाक्य खोडतो आणि बाकीचं सगळं संशयास्पद ठरतं.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा फिकट असतात, ऊन वर आलं की दिसेनाशा होतात. तिरप्या, खालच्या प्रकाशात फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा माहीत असलेल्या लांबीची वस्तू ठेवून. काचेच्या चुऱ्यापेक्षा रस्त्यात खोदल्या गेलेल्या ओरखड्याला जास्त किंमत द्या. चुरा उडून लांब जातो. पत्रा, ॲक्सल डांबरात घुसून पडलेली खाच बहुधा टक्कर झाली त्याच जागेच्या अगदी जवळ असते.

सीसीटीव्हीवरून वेग : दोन खांबांमधलं अंतर प्रत्यक्ष मोजा, फ्रेम मोजा. २५ मीटर २० फ्रेममध्ये, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ताशी १३५. पण एक फ्रेम इकडची तिकडे झाली की १२९ किंवा १४२ येतात. तेच १०० मीटर अंतर ८० फ्रेममध्ये घेतलं तर एका फ्रेमने पावणेदोन किमीच्या आसपासच फरक पडतो. लांब पट्टा निवडा. आणि कॅमेरा खरंच सेकंदाला ३० फ्रेम देतोय का ते आधी तपासा. पुष्कळ स्वस्त कॅमेरे रात्री फ्रेम कमी करतात.

जाता जाता : जुन्या, तारेच्या बल्बचा दिवा असेल तर तो टकरीच्या क्षणी चालू होता का ते तारेवरून कळतं. तापलेली तार धक्क्याने ताणून लांबते, वाकते. थंड तार कडकन तुटते. काच फुटलेली असेल तर तापलेल्या तारेवर पिवळट-पांढरी भुकटी धरते, काचेचे कण वितळून चिकटलेले सापडतात. एलईडीत यातलं काहीच उरत नाही. आता बहुतेक दिवे एलईडी आहेत, त्यामुळे ही विद्या मोडीत निघाली म्हणायची.

हॅझर्ड लाइट

@मोजपट्टी, फोटो, पट्टी, तिरपा प्रकाश सगळं खरं, पण वाहत्या रस्त्यावर मोजमाप घेत उभं राहणाऱ्याला तिसरी गाडी उडवते. गाड्या हलत असतील तर आधी बाजूला.

मोजपट्टी

मान्य, त्यात वादच नाही. हलवण्याआधी चार फोटो, चारी कोपऱ्यांतून, दोन्ही गाड्या आणि मागे एक तरी न हलणारी खूण (खांब, झेब्रा पट्टा) दिसेल असे. वीस सेकंदांचं काम. जखमी असेल किंवा गाड्या वळणावर असतील तर तेही नको.

टाके

चौकातली टक्कर बहुधा कुशीत बसते. पुढे बॉनेटचं मीटरभर पत्र्याचं अंतर असतं, दारात आणि बरगडीत वीस-तीस सेंटिमीटर. पोलीस गाडीच्या नाकावर लोखंडी गार्ड असेल तर तो दबत नाही, समोरचं दारच आत येतं. म्हणून इजा होते ती बरगड्या, कटिबंध (कमरेची हाडं), डाव्या बाजूने मार असेल तर प्लीहा (पानथरी), उजव्या बाजूने असेल तर यकृत.

हे लक्षात ठेवा : डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतंय, पण खांद्याला मार नाही आणि हात हलवून दुखणं बदलत नाही. प्लीहेतून सुटलेलं रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यावर जाणवतं. असा माणूस चालत-बोलत येतो. त्याला घरी पाठवायचं नाही. पोटावर सीटबेल्टच्या पट्ट्याचा आडवा वळ उठला असेल तर आतड्याला इजा नाही याची खात्री करेपर्यंत निरीक्षणाखाली ठेवावं लागतं. पहिली तपासणी साफ येऊनही दुसऱ्या दिवशी पोट कडक होऊ शकतं.

मान पहिल्या दिवशी ठीक वाटते, २४ ते ७२ तासांत आखडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याचा किरकोळ मारही किरकोळ नाही. गरोदर बाईने काही दुखत नसलं तरी तपासून घ्यावं. हेल्मेट घातलेला दुचाकीस्वार श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका.

'तुम्ही बेशुद्ध झाला होतात का?' याला जवळजवळ प्रत्येक जण नाही म्हणतो, कारण गेलेली सेकंदं गेल्याचं त्याला आठवतच नाही. त्यापेक्षा विचारा, टकरीआधीचं शेवटचं काय आठवतं आणि नंतरचं पहिलं काय. मधली फट किती ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढे जबाबाच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते.

पाना-पक्कड

गाडी दुरुस्तीला द्यायची घाई करू नका. भंगारात तर नाहीच. एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये टकरीआधीच्या पाच-एक सेकंदांचा वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, पट्टा यांची नोंद असते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला ही नोंदपेटी सक्तीची आहे. जुन्या गाड्यांत मॉडेलवर अवलंबून. एअरबॅग फुटली असेल तर नोंद सहसा कुलूपबंद होते. फुटली नसेल तर नंतरच्या धक्क्याने पुसली जाऊ शकते, आणि तो धक्का टोइंगवाल्याने दिला तरी चालतो! बॅटरी काढली म्हणून नोंद जात नाही. मॉड्यूल बदलून जुना फेकला की जाते. जुना भाग परत द्यायचा, असं जॉबकार्डवर आधीच लिहून घ्या.

दुरुस्तीच्या यादीत हमखास सुटणारं : फुटलेल्या एअरबॅगसोबत टकरीच्या क्षणी ओढून घेणारे सीटबेल्ट, मधला खांब, दाराच्या आतली आडवी पट्टी, काचेवरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. मुलाची सीट जोराच्या टकरीत सापडली असेल तर दिसायला अखंड असली तरी बदला.

कागदी घोडे

सगळ्यांत महाग पडणारं वाक्य : 'सायरन वाजत नव्हता.' तुम्हाला माहीत आहे ते एवढंच की सायरन ऐकू आला नाही. तेवढंच लिहा. नंतर नोंदीतून तो शेवटचे दोन सेकंद वाजत होता असं निघालं, तर पहिलं वाक्य खोटं ठरतं आणि दुसरं तुमच्या बाजूने उभं राहतं. समोरच्या वेगाचा आकडाही अंदाजाने देऊ नका. साक्षीदाराला 'सायरन होता ना?' असं विचारू नका. 'काय ऐकलंत, टकरीच्या आधी की नंतर?' असं विचारा. टकरीनंतर मदतीला आलेल्या गाडीचा सायरन लोक बिनदिक्कत आधीच्या खात्यात टाकतात.

सवलत म्हणजे माफी नव्हे. चालक कामगिरीवर होता का, दिवे-सायरन चालू होते का, आणि सवलत घेताना इतरांची काळजी घेतली का, हे प्रश्न उरतातच. पण त्यांची उत्तरं समोरच्याकडे असतात, म्हणून लेखी पत्र लवकरात लवकर द्या आणि पोच घ्या. मागायचं काय : डॅशकॅम (गाडीतला रस्ता टिपणारा कॅमेरा) आणि पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा यांचं चित्रण, गाडीची जीपीएस नोंद, नियंत्रण कक्षाशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, दिवे-सायरनची नोंद (काही गाड्यांत वेगळी होते), चालकाला कोणत्या कामावर आणि किती वाजता पाठवलं त्याचा लॉग. सगळं टकरीच्या दहा मिनिटं आधीपासून मागा, फक्त त्या क्षणाचं नाही. अंगावरच्या कॅमेऱ्यांत बटण दाबण्याआधीचं अर्धा-एक मिनिटाचं चित्र बरेचदा आवाजाविना जपलेलं असतं. त्यामुळे सायरन ऐकू येत नाही म्हणून वाजत नव्हता, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

तपास त्याच तुकडीकडे असेल तर वेगळ्या तुकडीकडे किंवा स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. सरकारी खात्यावरच्या दाव्याची मुदत साध्या दाव्यापेक्षा आखूड असू शकते, काही कायद्यांत जेमतेम सहा महिने. आणि आधी खात्याला नोटीस द्यावी लागते का, हे वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा.

दुकानांचे सीसीटीव्ही आठवड्या-दोन आठवड्यांत स्वतःवरच पुन्हा लिहितात. पत्रव्यवहार करत बसण्याआधी तिथे पायी जाऊन या.

निळा दिवा

सीसीटीव्हीच्या वेळेबद्दल एक राहिलं. फुटेज घेताना पडद्यावरची वेळ आणि स्वतःच्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. दुकानाचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर ते वजा करता येतं, पण किती पुढे होतं हे महिनाभराने कोणी सांगू शकत नाही. तुमच्या डॅशकॅमचंही तसंच. त्याचं कार्ड काढण्याआधी चालू फाइल बंद होऊ द्या. लिहिणं चालू असताना ओढलं तर नेमकी तीच फाइल उघडत नाही.