दहा मीटरच्या सरावासाठी कोणती एअर रायफल घ्यावी : मॅगझिनची पीसीपी की स्प्रिंगची?

प्रश्न : विश्रामबाग, सांगली

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत राहते, वय ४२, महाविद्यालयात शिकवते. कॉलेजच्या दिवसांत एनसीसीच्या कॅम्पमध्ये .२२ रायफलने थोडे फायरिंग केले होते, त्यानंतर वीस वर्षे रायफल हातात आली नाही. गेल्या वर्षी अमेरिकेत मामेभावाकडे गेले असता त्याने मला रेंजवर नेले आणि आपली रुगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल हातात दिली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या असतात, बोल्ट ओढावा लागत नाही, प्रत्येक गोळीसाठी फक्त ट्रिगर दाबायचा. त्या दुपारी लागलेला नाद परत आल्यावरही सुटलेला नाही.

आपल्याकडे तशी रायफल केवळ छंद म्हणून घेता येत नाही आणि साधी .२२ घ्यायची म्हटले तरी शस्त्रपरवाना लागतो, याची मला कल्पना आहे. म्हणून परवाना न लागणारी, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलच्या आतील ताकदीची एअर रायफल घ्यायचे ठरवले आहे. दुकानदाराने दोन दाखवल्या. पहिली पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, आहे; सिलिंडरमध्ये पंपाने हवा भरायची, बाजूचा लिव्हर ओढायचा आणि मॅगझिनमधले दहा छर्रे एकामागून एक उडवायचे. पंपासह ती सत्तर हजारांच्या आसपास जाते. दुसरी स्प्रिंगची आहे. दर वेळी नळी बिजागरीवर खाली वाकवून (म्हणजे ‘मोडून’) एक छर्रा भरायचा, किंमत सोळा हजार. मामेभावाच्या रायफलीची लय थोडीफार मिळेल म्हणून माझा कल पहिलीकडे आहे. वडिलांच्या घरामागे परसात तिन्ही बाजूंनी उंच भिंती असलेली अकरा मीटर लांबीची जागा आहे. कागदी कार्डावर सराव करणे आणि जमल्यास एखाद्या वर्षी जिल्हा स्पर्धेत उतरणे, एवढाच हेतू आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त सुभेदार, सातारा

ताई, मी १९८६ मध्ये भरती झालो तेव्हा आमच्या हातात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) होती. तीही अर्धस्वयंचलितच. एक गोळी सुटली की गॅसच्या जोरावर दुसरी आपोआप चेंबरमध्ये येते, आणि मॅगझिनमध्ये वीस गोळ्या असतात. पण ग्रुपिंगच्या, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ लावण्याच्या, फायरला उस्ताद आम्हाला मोजून पाच गोळ्या देत आणि पाचही अशा मारून घेत, की जणू प्रत्येक गोळी हाताने भरली आहे. गोळी सुटल्यावरही ट्रिगर दाबून धरायचा, साइटवरची (नेम धरायच्या खुणेवरची) नजर हलू द्यायची नाही, मग सावकाश ट्रिगर सोडून पुढचा श्वास घ्यायचा. ज्याने गोळी सुटताच मान वर काढून टार्गेटकडे पाहिले, त्याचा ग्रुप हमखास फाकलेला असे. रायफल आपोआप भरली जाण्याची सोय लढाईसाठी आहे. नेम शिकण्यासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही, उलट नवख्याला ती घाई शिकवते.

माझ्या मते आपण स्प्रिंगची रायफल घ्यावी. नळी मोडायची, छर्रा अंगठ्याने नीट बसवायचा, नळी बंद करायची आणि पुन्हा उभे राहायचे, एवढ्यात श्वास आणि खांदा दोन्ही आपोआप ताळ्यावर येतात. हवा भरण्याची यातायात नाही आणि पन्नास हजारही वाचतात.

उत्तर : प्रशिक्षक, मिरज

सुभेदारसाहेबांनी घाईबद्दल लिहिलेले शब्दन् शब्द मला मान्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण स्प्रिंगच्या रायफलीच्या पोटात आहे. ट्रिगर दाबला की दाबलेली स्प्रिंग सुटते, तिच्यापुढचा जड पिस्टन वेगाने पुढे धावतो आणि त्याने दाबलेल्या हवेने छर्रा निघतो. पिस्टन पुढे जाताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला थडकला की ती पुढे ढकलली जाते. हा सगळा हिसका छर्रा नळीत असतानाच सुरू झालेला असतो. त्यामुळे ही रायफल तुम्ही कशी धरता यावर छर्रा कुठे जाणार हे अवलंबून राहते. आज मूठ जरा घट्ट झाली, उद्या डावा तळवा दोन बोटे पुढे सरकला, की ग्रुप जागा बदलतो. मुरलेला नेमबाज तिच्याकडून उत्तम काम करून घेतो, पण नवख्याला चूक आपली की रायफलीची, हेच कळत नाही आणि तो महिनोन्महिने साइट फिरवत बसतो. पीसीपीमध्ये धावणारा जड पिस्टन नसतो. झडप क्षणभर उघडते, हवा सुटते, छर्रा जातो. कार्डावर जे दिसते ते तुमचे असते.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. नेमबाजीचा निम्म्याहून अधिक सराव छर्रा न भरता होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने एक ठिपका काढून त्यावर वीस वेळा ट्रिगर दाबणे, एवढे केले तरी सहा महिन्यांत माणूस बदलतो. स्प्रिंगच्या रायफलीवर हे करता येत नाही, कारण पुढे छर्रा नसेल तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो धातूवर आदळतो. सील आणि स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. स्पर्धेच्या पीसीपी रायफलींमध्ये हवा न सोडता नुसता ट्रिगर चालवण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. आपण पाहिलेल्या रायफलीत ती आहे का, हे दुकानदाराला आधी विचारावे.

मॅगझिनचा मोह मात्र सोडा. दहा मीटरच्या स्पर्धेत प्रत्येक शॉटसाठी एकच छर्रा भरता येतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सना ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. इतका वेळ हाताशी असताना पुढचा छर्रा अर्ध्या सेकंदात भरला गेला काय किंवा दहा सेकंदांनी भरला काय, सारखेच. कार्डावरच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे. बॉलपेन कागदावर नुसते टेकवले तर उमटतो, साधारण तेवढाच. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे त्या ठिपक्याच्या नऊपट रुंद. इतक्या बारीक कामात लय लागते ती शरीराची. बऱ्याच पीसीपी रायफलींना मॅगझिनच्या जागी बसवायचा एक छर्ऱ्याचा ट्रे मिळतो. तो घ्या आणि मॅगझिन कपाटात ठेवून द्या.

आणखी एक पाहून ठेवा. अशा पीसीपी पुष्कळदा दुर्बिणीसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांच्या नळीवर पुढची साइटच नसते. रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे वर्तुळ, अशी रचना बहुतेक जण वापरतात. पुढची साइट बसवायला जागा नसेल, तर ती रायफल तुमच्या परसातच राहील.

उत्तर : गावभाग, सांगली

मिरजच्या सरांशी मी सहमत आहे, म्हणून फक्त हवेबद्दल लिहितो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. मी एका गृहस्थांकडून स्पर्धेची जुनी परदेशी रायफल घेतली. दोन लाखांच्या वरची वस्तू निम्म्या किमतीत मिळाली, या आनंदात मी फक्त नळी आणि ट्रिगर पाहिला. घरी आल्यावर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचली, तेव्हा उत्पादकाने दिलेली दहा वर्षांची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. २०० बारचा (बार हे दाबाचे एकक) दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो, त्यामुळे तिथे चालढकल करता येत नाही. नवे सिलिंडर मागवण्यात चार महिने आणि बरेच पैसे गेले. नवी रायफल घेतानाही ती तारीख आधी वाचावी आणि बिलावर लिहून घ्यावी.

हातपंपाने भरणार असाल तर आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करा. हवा दाबली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन साचते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची हवा कशी असते हे सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ च्या पुरानंतर आमच्या घरातल्या लोखंडी कड्याकोयंड्यांवर महिनाभर रोज नवा गंज दिसत होता. म्हणून कोरडी हवा देणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या, चाळीस-पन्नास दट्टे मारले की थांबा, तळाचा स्क्रू उघडून पाणी काढा, पंप निवू द्या आणि मग पुढे चला. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दहा-बारा बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे तो कामाचा नाही. आणि कोणी वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून देतो म्हणाले, तर तिथून उठून या. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा अंश लागला तरी स्फोट होऊ शकतो.

पुन्हा : विश्रामबाग, सांगली

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल पुन्हा दुकानात गेले आणि दोन्ही रायफलींनी एकाच डब्यातले चपट्या तोंडाचे पाच-पाच छर्रे टेबलावर टेकून मारून पाहिले. पीसीपीची पाच छिद्रे एकमेकांत शिरून रुपयाखाली झाकली जातील एवढी झाली. स्प्रिंगच्या रायफलीची पहिली तीन जवळ होती. चौथ्या वेळी मी बट (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खांद्यात जरा दाबला आणि छिद्र काळ्या वर्तुळाच्या कडेला गेले. सरांनी लिहिलेला हिसका तेव्हा हाताला कळला.

पीसीपीसोबत एक छर्ऱ्याचा ट्रे मिळतो. सिलिंडरवर मागच्याच वर्षीची तारीख आहे. छर्ऱ्याशिवाय ट्रिगर चालवण्याची सोयही तिच्यात आहे. नळीवर पुढची साइट नाही, पण टोकाला आटे आहेत आणि त्यावर साइटचा तळ बसवून मिळेल असे दुकानदार म्हणतात. एकच अडचण राहते : बट मला लांब पडतो, गाल टेकवला की मान पुढे ताणावी लागते.

उत्तर : प्रशिक्षक, मिरज

मग त्या साइटचा तळ बसवून, त्यातून नेम धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तो फार तिरका बसला तर मागच्या पीप साइटने तो दोष पुरता निघत नाही. बटाचे म्हणाल तर कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा आणि बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सहज येते का ते पाहा. येत नसेल तर बटप्लेटमागचे पट्टे काढून लांबी कमी करता येते, आणि पट्टे नसतील तर चांगला सुतार लाकडी बट दोन सेंटिमीटरने कापून देईल. मान ताणून केलेला सराव मानेतच मुरतो, म्हणून हे पहिल्या दिवसाआधी करून घ्या. परसातल्या भिंतीपुढे मागून जाड लोखंडी पत्रा लावलेली, जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली पेटी ठेवा, म्हणजे छर्रा उलटून येणार नाही. डोळ्यांना चष्मा असू द्या, परसात उघडणारे दार सरावाच्या वेळी आतून कडी लावून बंद ठेवा, आणि छर्रे शिशाचे असल्याने हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नका.