लायब्ररीतला ब्लॉक बदलला तरी जुने ड्रॉइंग बदलत नाही

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधले सर्व ब्लॉक (दरवाजासारख्या पुन्हा पुन्हा लागणाऱ्या तयार आकृत्या) सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये, म्हणजे लायब्ररीत, ठेवावेत आणि ते बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, ही नेहमी केली जाणारी सूचना मला मान्य आहे. मात्र तेवढ्याने प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एकच ब्लॉक राहील, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ऑटोकॅडमध्ये ब्लॉक एकदा इन्सर्ट केला की त्याची व्याख्या (आकृतीचा मूळ तपशील) त्या ड्रॉइंगमध्येच साठवली जाते, आणि एक्सरेफप्रमाणे (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगप्रमाणे) मूळ फाइलशी तिचे नाते उरत नाही.

आमच्याकडे दरवाजाचा ब्लॉक ९०० मिलिमीटरवरून १००० केला, नाव मात्र तेच ठेवले. पुढे एका सहकाऱ्याने जुन्या ड्रॉइंगमध्ये डिझाइन सेंटरमधून (दुसऱ्या फाइलींतले ब्लॉक शोधून आणण्याच्या ऑटोकॅडमधल्या खिडकीतून) तो ओढून आणला, तर ९०० चाच दरवाजा बसला, कारण त्या नावाची व्याख्या आधीपासून असल्यामुळे नवी वगळल्याची सूचना कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करायच्या पट्टीवर) येऊन गेली होती आणि ती कोणीही वाचली नव्हती. चूक उघडकीस आली ती थेट दरवाजांची मापांसह यादी (डोअर शेड्यूल) तपासताना. तेव्हापासून माप बदलले की आम्ही ब्लॉकचे नावही बदलतो. केवळ दुरुस्ती असेल तर त्या ड्रॉइंगमधली व्याख्या ‘रीडिफाइन’ करून (नव्याने ठरवून), ब्लॉकला ॲट्रिब्यूट (जोडलेली मजकुराची माहिती) असल्यास त्यानंतर ‘ॲटसिंक’ ही ॲट्रिब्यूट नव्या व्याख्येशी जुळवणारी आज्ञा आवर्जून चालवतो.