जुन्या एमएक्स-५ ला १५ इंची अलॉय: ऑफसेट किती ठेवावा?

लेस्टरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीची, १.६ लीटर इंजिनाची, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची. मूळ अलॉय १४ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. त्यांपैकी एक वाकलेले आहे आणि बाकीच्या तिघांचा रंग पापुद्र्यांनी निघतो आहे. त्यामुळे नवा संच घ्यायचा ठरवले. दोन संच नजरेत आहेत. एक १५×८, ऑफसेट शून्य, खोलगट आणि रुंद कडेचा, दिसायला अत्यंत देखणा. दुसरा १५×७, ऑफसेट ३५, साधा. दोन्हींचा पीसीडी (नटांच्या वर्तुळाचे माप) ४×१०० आहे, म्हणजे १०० मिमी व्यासावर चार नट, परंतु मधले भोक ७३.१ मिमी आहे आणि माझ्या गाडीचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) ५४.१ मिमीचा आहे. आधीच्या मालकाने गाडी अंदाजे ३० मिमी खाली बसवलेली आहे. मन पहिल्या संचाकडे ओढ घेते हे कबूल करतो. मडगार्डची आतली कड दुमडून घेतली तर तो बसेल, असे इथल्या एका टायरवाल्याने सांगितले. तो खरोखर बसेल का, टायर कोणता घ्यावा आणि भोकातल्या फरकाचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

ओळंबा

लेस्टरकर, आधी हिशेब मांडू, कारण ऑफसेट हा शब्द सगळे वापरतात, परंतु कागदावर बेरीज-वजाबाकी क्वचितच कोणी करतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती अंतरावर आहे ते. आकडा जितका मोठा, तितके चाक आत. तुमच्या मूळ रिमची अर्धी रुंदी ७० मिमी, त्यातून ४५ वजा केले की बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून सुमारे २५ मिमी बाहेर येते. १५×७ ची अर्धी रुंदी ८९, वजा ३५, म्हणजे ५४. ही कड मूळ कडेपेक्षा २९ मिमी बाहेर. १५×८ शून्य ऑफसेटला हा आकडा थेट १०२ होतो, म्हणजे मूळपेक्षा ७७ मिमी बाहेर. एवढी जागा कड दुमडून निर्माण होत नाही. दुमडलेली कड काही मिलिमीटर देते, सात-आठ सेंटिमीटर नव्हे. टायरवाल्याने तुम्हाला जे सांगितले ते चाक चढवण्याबद्दल खरे असेल, गाडी चालवण्याबद्दल नाही.

मात्र घासतो तो टायर, रिम नव्हे, आणि इथे हिशेब थोडा तुमच्या बाजूने झुकतो. तुमचा मूळ १८५/६० आर १४ हा टायर (नावातली रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची) साडेपाच इंची रिमवर साधारण १८९ मिमी रुंद असतो, म्हणजे त्याचे पोट रिमच्या बाहेर बरेच फुगलेले असते. दुसऱ्या संचासाठी घ्यायचा १९५/५० आर १५ सात इंची रिमवर सुमारे २११ मिमी होतो. अर्ध्या रुंदीतला फरक ११ आणि मध्यरेषा बाहेर सरकलेली १०, म्हणून टायरची बाहेरची बाजू २९ नव्हे, केवळ २१ मिमी बाहेर येते. आत मात्र टायर सस्पेन्शनच्या फक्त १ मिमी जवळ जातो. त्यामुळेच ही जोडी या गाडीला इतकी सहज बसते.

व्यासाचेही गणित जुळते. १८५/६० आर १४ चा व्यास ५७७.६ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६. स्पीडोमीटरला फरकसुद्धा कळणार नाही. भार-निर्देशांक दोन्हींचा ८२, म्हणजे प्रत्येक टायरला ४७५ किलो. गाडी जेमतेम साडेनऊशे किलोची आहे, त्यामुळे तिथे चिंता नाही. याउलट पहिल्या संचासाठी २०५/५० आर १५ घ्यावा म्हटले, तर तो टायर साडेपाच ते साडेसात इंचांच्या रिमसाठी मान्य आहे. आठ इंची रिमवर तो ताणून बसवावा लागतो, आणि ताणलेल्या टायरची कड खड्ड्यात आपटली की रिम उघडी पडते.

शेवटची गोष्ट सुकाणूची. शून्य ऑफसेटमुळे टायरचा जमिनीवरचा मध्य ४५ मिमी बाहेर सरकतो. बेअरिंगवरची तरफ वाढते, आणि प्रत्येक भेगेचा धक्का स्टिअरिंगमधून हाताला बसतो. ज्या गाडीची ख्याती हलक्या आणि बोलक्या स्टिअरिंगवर उभी आहे, तिचेच ते बिघडवायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

पुणेरी पाना

वरचा हिशेब बरोबर आहे. मी भोक आणि नटांबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम तेच आहे. ७३.१ मिमी हे भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते, जेणेकरून एकच साचा अनेक गाड्यांना चालावा. मधली पोकळी भरायला ७३.१ ते ५४.१ अशा मापाची रिंग मिळते, ती अवश्य लावा. ती नसेल तर चाक मध्यावर आणण्याचे सगळे काम नटांच्या उतारावर पडते, आणि एक नट आधी आवळला गेला की चाक केसभर सरकून बसते. मग माणूस तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतो आणि तरीही ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतच राहते.

आता नट. योगायोगाने आपल्याकडच्या स्विफ्ट आणि आय२० यांचाही पीसीडी ४×१०० आणि हब ५४.१ आहे, म्हणून भारतातून येताना कोणी नट आणून देतो म्हणाले तर सावध राहा. माझदाचे आटे एम१२ (१२ मिमी जाडीचे), दीड मिमी अंतराचे आहेत. ह्युंदाईचेही तेच, परंतु सुझुकीचे सव्वा मिमीचे. सुझुकीचा नट माझदाच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यावर) एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. त्या वेळी ज्याने लांब पान्याने जोर लावला, त्याचे आटे गेलेच म्हणून समजा. नट हाताने किमान आठ फेरे आत गेला पाहिजे, कारण दीड मिमीचे आठ फेरे म्हणजे बारा मिमी, स्टडच्या जाडीइतके. अलॉय हबवर जिथे टेकते तिथे ते पोलादी चाकापेक्षा जाड असते, त्यामुळे ही खात्री आधीच करून घ्यावी. नटाचा उतार ६० अंशांचा शंकूच हवा. काही गाड्यांचे नट गोलाकार बुडाचे असतात, ते शंकूच्या खाचेत नुसते रेषेवर टेकतात. आवळण्याचा जोर ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने, फुलीच्या क्रमाने. शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा, कारण नवा रंग दबतो आणि नट सैल पडतात.

स्टुटगार्टचा शिकाऊ

पाना यांच्या एका मुद्द्याशी थोडा असहमत आहे. रिंग हवीच, पण काही जण तिला गाडीचा भार वाहणारा भाग समजतात. भार वाहते ते नटांच्या दाबाने निर्माण झालेले घर्षण. त्यामुळे प्लॅस्टिकची रिंग रस्त्यावरच्या वापराला पुरते. ॲल्युमिनियमची रिंग इथल्या हिवाळ्यात, रस्त्यांवर मीठ टाकलेले असताना, हबला अशी चिकटते की पुढच्या वेळी चाक काढताना हातोडा घ्यावा लागतो. माझी गाडी याच पिढीची, १९९४ ची आहे. तिच्यावर हा अनुभव घेऊन झाला आहे.

लेस्टरकर यांना माझे सांगणे वेगळे आहे. वर दिलेले आकडे नव्या गाडीला लागू होतात, तुमची गाडी मात्र तीस वर्षांहून जुनी आहे. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश सैल असतील तर वळणावर चाक काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकते, आणि कुठे तरी वाचलेला 'नक्की बसते' हा निर्वाळा तिथेच कोसळतो. एखाद्या जुन्या अपघाताच्या दुरुस्तीनंतर डावी-उजवी बाजू सारखी राहिलेलीच असते, असेही नाही. म्हणून काही विकत घेण्याआधी चारही मडगार्डांच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे अंतर मोजा. नंतर एका बाजूची स्प्रिंग काढून जॅकने चाक पूर्ण वर दाबा, आणि पुढचे चाक असेल तर दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. मी मडगार्डच्या आतल्या कडेला कणकेचे लहान गोळे चिकटवले होते. जिथे गोळा चेपला, तिथे किती जागा उरली ते पट्टीने मोजता आले. बायकोने त्या दिवशी पोळ्या बाहेरून मागवल्या, ती हकीकत निराळी.

कड दुमडण्याबद्दल: या गाडीच्या मागच्या मडगार्डचा आणि त्यालगतच्या दाराखालच्या उंबऱ्याचा गंज ब्रिटनमध्ये तरी सर्वांच्या ओळखीचा आहे. कड दुमडताना आतले सीलर तडकते, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते, आणि वरून रंग शाबूत दिसत असताना आतून पत्रा खायला सुरुवात होते. टाळता येत असेल तर टाळा.

जर्मनीत असे चाक त्या मॉडेलसाठी मंजूर नसेल तर तपासणी करून कागदपत्रांवर नोंद करून घ्यावी लागते. तुमच्याकडे तशी नोंद नाही, परंतु विमा कंपनीला कळवणे तुम्हालाही चुकणार नाही. गाडीच्या कारखान्याने न दिलेले चाक हा गाडीतला बदलच धरला जातो. वार्षिक तपासणीतही टायर कुठे घासत असेल तर गाडी नापास होते.

लेस्टरकर

सर्वांचे आभार. शून्य ऑफसेटचा नाद सोडला. फोटोत तो फार सुंदर दिसतो एवढेच म्हणतो. शनिवारी ओळंबा लावला. टायरच्या फुगीर भागापासून कडेपर्यंतची अंतरे अशी आली: पुढे दोन्ही बाजूंना ३८ मिमी, मागे डावीकडे ३३, मागे उजवीकडे मात्र २६. ओळंबा यांच्या हिशेबाने २१ वजा केले तर मागे उजवीकडे केवळ ५ मिमी उरतात. उजवी बाजू अशी का, आणि १५×७ चा संच घ्यावा की ऑफसेट ४० चा शोधावा?

ओळंबा

१५×७, ऑफसेट ३५ चाच संच घ्या. ऑफसेट ४० ने तुम्हाला पाच मिमी मिळतील, पण सात मिमीच्या फरकाचे कारण तसेच राहील. शिवाय तो संच आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या आणखी जवळ जाईल. या गाडीला चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरून ठेवणारे वरचे आणि खालचे आर्म) आहेत, आणि खालच्या आर्मच्या बोल्टांवरील विकेंद्री चकत्या फिरवून पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन, बदलता येतो. तुमचे उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा बरेच कमी आत झुकलेले असण्याची शक्यता अधिक वाटते. गाडी खाली बसवल्यावर आधीच्या मालकाने अलाइनमेंट करून घेतलेच नसेल. कोनमापक लावून आधी दोन्ही बाजूंचे आकडे घ्या. ते सारखे निघाले, तर मग मडगार्ड किंवा सबफ्रेमकडे (सस्पेन्शन ज्यावर बसते त्या सांगाड्याकडे) संशयाने पाहा.

स्टुटगार्टचा शिकाऊ

एक भर घालतो. ते बोल्ट बुशच्या पोलादी नळीत गंजून घट्ट झालेले असतात, आणि अलाइनमेंटवाला नेमका तिथेच हात वर करतो. आठवडाभर रोज गंजमोड तेल मारा, नट सैल करून बोल्ट मागे-पुढे थोडा थोडा हलवत राहा, एकाच दिशेने जोर लावू नका. चारपैकी माझे दोन सुटले आणि दोन कापावे लागले, म्हणून नवे बोल्ट आधीच मागवून ठेवा. कॅम्बर नीट झाला की चारही टायर एकदम चढवू नका. आधी एकच रिम आणि एकच टायर उजवीकडे मागे लावा, आणि कणीक तयार ठेवा.