सेकंडहँड एलपी घेण्याआधी आपली सुई बघा

तबकडीवेडा (टिळकवाडी): खडेबाजारजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या रविवारी कुमार गंधर्वांची एलपी (विनाइलची लाँग-प्ले तबकडी) मिळाली, ३५० रुपये. कुमारजी सुळेभावीचे, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, म्हणून घासाघीससुद्धा केली नाही. उजेडात धरली, एक ओरखडा नाही. घरी लावली तर तान वर गेली की आवाज फाटतो आणि प्रत्येक ‘स’ फुसफुसतो. परत उन्हात तिरकी धरली, तेव्हा कुठं खाचांवर राखाडी झाक दिसली.
दुकानदार काय करणार? त्याच्याकडं वाजवून दाखवायला मशीनच नाही. वाट लावली ती पहिल्या मालकाच्या प्लेयरनं. सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला स्वस्तातला भाग, त्याचा तबकडीवर भार ५-६ ग्रॅम, त्यात सुई वर्षानुवर्षं तीच. खाच आतून झिजली की कितीही धुवा. आणि आता आपण स्वस्तातला सूटकेस प्लेयर (पेटीसारखा बंद होणारा) आणून तेच करतोय. माझं मत: बऱ्या प्लेयरला पैसे नसतील तर रेकॉर्डी घेऊच नयेत.

निपाणीकर: घेऊच नयेत? भारीच की! आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीतनं आले की ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकड्या लावायचे. दर बाजूला नवी पोलादी सुई लावायची असते, ते एकीवर आठवडा काढायचे. चाळीसभर तबकड्या घासून ऐकल्या. कपाटात ठेवून पूजा करायची होती काय?

तबकडीवेडा: नाना, ७८ ची गोष्ट वेगळी. लाखेच्या त्या तबकडीत दगडाची पूड असते, ती पोलादी सुईलाच घासून खाचेच्या मापाची करते. एलपी मऊ. ७८ च्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन, एलपीच्या सुईचं १८ च्या आसपास. जुन्या प्लेयरांना सुई फिरवायची बारकी कळ असते. ती ७८ वर राहिली आणि वर एलपी लावली, की सुई खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा खरवडत जाते. अशा किती एलपी गेल्या असतील.

खानापूरचा पाऊस: दोघंही टोकाला जाताय. झिजलेली एलपी लगेच बाद होत नाही. मी साध्या गोल टोकाच्या जागी लंबगोल टोकाची सुई लावली. ती खाचेत वेगळ्या जागी टेकते, निम्मी फुसफुस गेली. आमच्याकडं खरा वैरी बुरशी. श्रावणात कव्हर उघडलं की पांढरे ठिपके. आणि ७८ ला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. माझी एक गेली.

शहापूरकर: लंबगोल म्हणे! ती सुई पुण्या-मुंबईहून मागवायची, त्या पैशात माझ्या दहा रेकॉर्डी येतात. मी तरी रेकॉर्डीच घेणार.

तबकडीवेडा: आणि त्या दहाही वर्षभरात घासून टाकणार.

शहापूरकर: टाकीन की. बरं, ती कुमारांची २०० ला देतोस काय? माझ्या सूटकेसवर नाहीतरी सगळंच फुसफुसतंय.