बॅटरी बसली आणि गाडी तर न्यायचीच होती : आपले अनुभव लिहा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या आरासीचे) सामान घेऊन मी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि बॉनेटखालून ‘कट’ असा एकच कोरडा आवाज आला. सकाळी पावसाच्या अंधारात लावलेले दिवे दोन तास तसेच जळत राहिले होते आणि बॅटरीही तीन वर्षांची जुनी होती. मदतीला धावलेल्या चौघांना धक्का मारण्यापासून मलाच थांबवावे लागले, कारण माझी गाडी ऑटोमॅटिक गिअरची आहे. तिची चाके कितीही फिरवली तरी इंजिन फिरत नाही. शेवटी शेजारच्या टॅक्सीवाल्याने सीटखालून जंपर केबल काढली आणि तांबडी वायर धनाला धन जोडून, काळीचे शेवटचे टोक माझ्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावले. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्याच्याजवळ ठिणगी नको, एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून मनात आहे की उतरलेल्या बॅटरीची गाडी कोणी कशी मार्गी लावली, याचे अनुभव गोव्यातील आपल्या माणसांकडून मागवावेत. फसलेले प्रयत्नही अवश्य लिहावेत. ‘मेकॅनिकला बोलवावे’ हा सल्ला मात्र सर्वांना ठाऊक आहे, तो कृपया नको.

दिवाडीहून

आमच्या बेटावर धक्का हा शब्द दोन्ही अर्थांनी रोजचा आहे. जुने गोवे येथे फेरीबोटीवर गाडी चढवून मी इंजिन बंद केले आणि दिवाडीच्या बाजूला लागल्यावर सेल्फ मारला, तर काहीच नाही. माझी गाडी सर्वांत पुढे, त्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या आणि भोंग्यांचा कल्लोळ सुरू झाला. ओहोटीची वेळ असल्याने धक्क्याचा चढही लांबलचक उघडा पडला होता. एका गृहस्थांनी रिव्हर्स गिअर टाकून गाडी उतारावर मागे सोडण्याची युक्ती सुचवली. तत्त्वतः ती बरोबर होती, फक्त मागे मांडवी होती.

खलाशी आणि आठ-दहा उतारू मिळून गाडी वरच्या सपाट रस्त्यापर्यंत ढकलत नेली. तिथे चावी चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून धरला आणि गाडीने सायकलइतका वेग घेतल्यावर क्लच एकदम सोडला. पहिल्या गिअरला हिसका फार बसतो आणि ओल्या रस्त्यावर चाके घसटतात, म्हणून दुसरा. डॅशबोर्डवरील दिवे मंद का होईना लागत होते, हे महत्त्वाचे होते. इंधन इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि संगणकाला थोडी वीज लागतेच, ती अजिबात नसेल तर सगळ्या बेटाने धक्का मारूनही उपयोग नाही.

डिचोलीहून, एकेकाळचा ट्रकमालक

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आमचे दोन टिप्पर घरामागच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. आज सुरू होतील, उद्या होतील, या आशेवर आम्ही बॅटऱ्या काढून ठेवल्या नाहीत, आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या बॅटरीची शक्ती आपोआप झिरपत जाते व आतील प्लेटांवर पांढरा थर बसतो, हे आम्हाला पावसाळा सरल्यावर कळले. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट लागतात, म्हणजे चार बॅटऱ्या एकदम गेल्या.

मग गावातल्या पुष्कळांनी जे केले तेच आम्ही केले. दोन चांगल्या बॅटऱ्या चार घरांनी मिळून ठेवल्या होत्या. त्या लावून एक ट्रक सुरू करायचा, तो चालू असतानाच बॅटऱ्या काढून दुसऱ्याला लावायच्या. जुने डिझेल इंजिन एकदा फिरू लागले की विजेवाचून चालत राहते, त्यामुळे ही युक्ती बिनचूक वाटली होती. तिसऱ्या वेळी मात्र अल्टरनेटरमधील, म्हणजे चालू इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रातील, डायोड जळाले. चालू अल्टरनेटरला बॅटरीचा आधार काढून घेतला की त्याचा विजेचा दाब एकदम उसळतो, हे आम्हाला वायरमनने नंतर समजावले आणि बिलही दिले. त्यापुढे आम्ही साखळी बांधून एका ट्रकने दुसरा ओढून सुरू करू लागलो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. शेजाऱ्याने कारची बॅटरी उतरल्यावर आमच्या ट्रकवरून जोडणी मागितली होती. ट्रकचे २४ व्होल्ट कारला दिले असते तर तिचे सगळे इलेक्ट्रॉनिक काम जळाले असते. आम्ही दोनपैकी एकाच बॅटरीच्या दोन टोकांवरून १२ व्होल्ट काढून दिले.

म्हापशाहून

आमच्या वडिलांची जुनी स्कूटर मॅग्नेटोवर चालत असे. ठिणगीसाठी तिला बॅटरी लागतच नव्हती. त्यामुळे या विषयात आमच्या घराला अनुभव शून्य.

फोंड्याहून, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

वरील अनुभव वाचून हेवा वाटला, कारण माझ्या नव्या स्कूटरला किकच नाही. मर्दोळच्या जत्रेतून रात्री निघताना ती बंद पडली. मैत्रिणीची स्कूटर त्याच जातीची होती, म्हणून एका दुकानदाराकडून पान्हा मागून तिची बॅटरी काढली, माझ्या गाडीला लावून इंजिन सुरू केले आणि (ट्रकमालक काका रागावतील) चालू इंजिनावरच अदलाबदल करायला निघाले होते. तेवढ्यात तेथील एका पायलटने, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याने, हात धरला, स्वतःच्या मोटारसायकलजवळची वायर आणून दिली आणि माझी बॅटरी जागेवरच ठेवून तिच्यावर जोडणी करायला लावली. भाडे विचारले तर हसला.

सत्तरीहून

आमच्या वाड्यावर रात्री माणसे मिळत नाहीत, म्हणून धक्क्याऐवजी दोर. मारुती ओम्नीची ओढ मागच्या चाकांना असते. तिचे मागचे एक चाक जॅकवर उचलावे, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावावेत, आणि हॅण्डब्रेक सोडावा, कारण तो नेमका मागच्या चाकांनाच धरतो. चावी चालू, सगळ्यांत वरचा गिअर. विहिरीचा दोर टायरवर चार-पाच वेढे गुंडाळून पळत ओढायचा. दुसरे चाक जमिनीवर रुतलेले असल्याने डिफरन्शियल (दोन चाकांना जोडणारी गिअरपेटी) सगळी फिरत इंजिनाकडे पाठवते. आमची गाडी तिसऱ्या ओढीला सुरू झाली.

मात्र दोराचे टोक टायरला बांधू नये आणि हाताला तर मुळीच गुंडाळू नये. आत बसलेल्याने इंजिन धरताच क्लच दाबला नाही तर चाक हवेत गरगरत राहते आणि जॅक घसरण्याचा धोका असतो. माझ्या भावाने दाबायला उशीर केला होता; त्या क्षणी मी गाडीच्या पुढे उभा नव्हतो, एवढेच नशीब.

मडगावहून

पहाटेच्या गाडीसाठी स्टेशन गाठायचे होते, म्हणून घरच्या इनव्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी ढकलत अंगणात आणली. जंपर केबल नव्हती, तेव्हा घरातील वायरिंगची उरलेली तार जोडून लगेच सेल्फ मारला आणि तारेवरचे प्लास्टिक धुरकटले. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. तेवढे त्या तारेला कुठून झेपणार? दुसऱ्या प्रयत्नात सेल्फला हात न लावता वीस-पंचवीस मिनिटे जोडणी तशीच ठेवली, कारची बॅटरी हळूहळू थोडी भरू दिली, तार काढली आणि मग चावी फिरवली. गाडी लागली, रेल्वे मात्र चुकली.

मोरजीहून

बॅटरी बसली आहे असे ठरवण्याआधी तिची टोके पाहावीत, असे मी खाऱ्या वाऱ्यात राहून शिकलो आहे. माझे दिवे लख्ख लागत होते, पण सेल्फ मारताच सगळे विझत असे. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड फुलली होती. चहाच्या गाड्यावरून उकळते पाणी घेऊन ती धुतली, सुरीने शिसे चकाकेपर्यंत खरवडले, पकड सैल होती तिथे तांब्याच्या तारेचे दोन वेढे घातले आणि गाडी पहिल्या फटक्यात लागली. तीच बॅटरी पुढे वर्षभर चालली.

पर्वरीहून

मी विजेवरची कार घेतल्यावर वाटले होते की ही कटकट संपली. एका सकाळी मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी होती, कारण तिलाही जागे करण्यासाठी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते आणि तीच उतरली होती. सेल्फ नसल्यामुळे तिला मोठा प्रवाह लागत नाही, म्हणून मुलाच्या स्कूटरची बॅटरी काढून दोन वायरी टेकवल्या आणि पडदा उजळला. मी ऑफिसला गेलो. घाईत त्या बॅटरीचा एक स्क्रू माझ्याच खिशात राहिल्याने मुलाची स्कूटर मात्र संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.