एसओपीसाठी पैसे मोजण्याआधी

परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या एसओपीसाठी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणारा निबंध) "सांगलीत बसून फुकट मदत मिळणार नाही, पुण्याचा कन्सल्टंट गाठावाच लागतो" असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. मीही आधी पैसे भरले होते. हातात आलेली एसओपी "लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं" अशी सुरू झाली. मित्राचीही त्याच वाक्याने! शेवटी कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पेन्सिलीने पहिला परिच्छेद आख्खा उडवला आणि म्हणाल्या, "तू प्रोजेक्टमध्ये काय केलंस ते मराठीत सांग." मी हळद वाळवताना ओलावा मोजायच्या सेन्सरबद्दल बोलत सुटलो. घरच्या अंगणात रीडिंग रोज कशी वेगवेगळी यायची, तेही सांगितलं. "हे कुठंय यात?" एवढंच त्यांनी विचारलं. तेच लिहिलं. कन्सल्टंटला हळदीचा पत्ताच नव्हता.

अजून एक गोष्ट. अमेरिकेसाठी एज्युकेशनयूएसए हे तिथल्या परराष्ट्र खात्याचं सल्ला केंद्रांचं जाळं आहे. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेच्या कार्यालयात त्यांचे सल्लागार असतात, ऑनलाइन सत्रंही होतात. ते निबंध लिहून देत नाहीत, पण एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट (स्वतःच्या जडणघडणीबद्दलचा निबंध) यांतला फरक त्यांच्याकडून नीट कळतो (अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ दोन्ही मागतं, मी एकच मजकूर दोनदा चिकटवणार होतो). भाषेसाठी पर्ड्यू विद्यापीठाचं 'आउल' संकेतस्थळ मोफत आहे. आणि मॅडम-सरांना दिवाळीच्या सुट्टीआधीच गाठा, बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरात संपते.