पासष्टीच्या पुढे, पाचांहून जास्त गोळ्या, लाल पट्टी. झालं काम?

खलबत्ता
'औषधं लिहिण्यातल्या चुका पकडायला भरतीच्या वेळीच ६५ च्या वरचे आणि पाचांहून जास्त औषधं घेणारे पेशंट वेगळे काढा, मनगटावर लाल पट्टी बांधा, क्लिनिकल फार्मासिस्टने तेवढेच ड्रग चार्ट तपासावेत, बाकीच्यांना धोका नाही' अशी एक पोस्ट फिरतेय. वाचून तिडीक गेली. गोळ्या काय, कोणीही मोजेल.

७८ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजी घ्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) १.२, बऱ्याच लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. आता क्लिअरन्सचं, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं याचं, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र मांडा: १४० वजा ७८, गुणिले ४२, त्याला ७२ गुणिले १.२ ने भागा. बाई म्हणून गुणिले ०.८५. आलं २५.६. क्लिअरन्स तिसाच्या खाली, म्हणजे पायात गुठळी झाली तर रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ दिवसातून एकदाच, दोनदा नाही. आजींच्या गोळ्या दोन: बीपी आणि थायरॉईड. पट्टी नाही! आणि वर्षानुवर्षं त्याच सात गोळ्या घेणारे आजोबा मोतीबिंदूसाठी एक दिवस आले की त्यांना पट्टी.

टाचणी
साठ खाटा, फार्मासिस्ट एक, तोही चारला घरी. चाळणी ढोबळ आहे, पण सिस्टरला बघताक्षणी कळते. सगळ्यांचं क्लिअरन्स काढायला लावा, तिसऱ्या दिवशी कोणी काढणार नाही. तुमच्या आजींचं वजन तरी केसपेपरवर असतं का?

खलबत्ता
सगळ्यांचं काढा असं कोण म्हणालं? औषधावरून उलटं पेशंटकडे जा. सकाळच्या इंडेंटमध्ये (वॉर्डाच्या औषध-मागणीत) एनॉक्सापॅरिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, डिगॉक्सिन, वॉरफरिन, मेथोट्रेक्सेट एवढी, डोस चुकला की घात करणारी नावं शोधा. ज्यांना ती लागलीत त्यांचंच वजन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघा. मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदा असतं; घरच्या गोळ्या उतरवताना घाईत समोर १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, पडतं, आणि तोंड सोलून पांढऱ्या पेशी कोसळेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. पेशंट चाळिशीचा असला तरी!

रातपाळी
वय बघा नाहीतर औषध. चूक होते ती आयसीयूतून वॉर्डात येताना. राऊंडला 'सीएसटी' (तेच उपचार चालू ठेवा) ही तीन अक्षरं लिहिली की पाच दिवसांचं अँटिबायोटिक आठव्या दिवशीही चालू, आणि थायरॉईडची गोळी बंद ती बंदच, कारण आयसीयूच्या चार्टवर ती चढलीच नव्हती. आणि इन्शुलिनबद्दल कोणीच बोलणार नाही का? '10U' लिहितात, तो U शून्यासारखा दिसतो, दहाचे शंभर होतात. 'युनिट' पूर्ण लिहायला किती शाई लागते?

टाचणी
इन्शुलिन काढलंतच तर ऐका. एकाच फ्रीजमध्ये मिलीला ४० युनिटची बाटली आणि मिलीला १०० युनिटचं पेन. सिरिंज लाल टोपीची ४० ला, नारिंगी १०० ला. पेन अडकलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं की अर्धा मिली येतं. म्हणजे ५० युनिट.

कानामात्रा
ही देण्यातली चूक झाली. विषय लिहिण्यातल्या चुकांचा आहे. गल्लत करू नका.

रातपाळी
मग चार्टवर 'इन्शुलिन ०.५ मिली' लिहिणारा महाभाग कोण? ४० च्या बाटलीत ते २० युनिट, १०० च्यात ५०. साखर उतरलेल्या पेशंटला आधी २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) द्या, वर्गवारी मग करत बसा!

कानामात्रा
आवाज खाली. ०.५ मिली ही लिहिण्यातली चूक, मान्य. पण जेनेरिक नाव, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत, हा नियम २०१६ पासून आहे. तो पाळला असता तर निम्मा धागा वाचला असता.

खलबत्ता
कॅपिटलमध्ये लिहिलेला चुकीचा डोस नीट वाचता येतो, एवढंच. आठ किलोच्या बाळाला 'पॅरासिटामॉल सिरप ५ मिली' सुंदर अक्षरात लिहा. ५ मिलीत १२० मिग्रॅची बाटली आली तर १२० मिग्रॅ, बरोबर. २५० ची आली तर दुपटीहून जास्त. बाळाला औषध एकच, तुमची पट्टी इथेही नाही.

टाचणी
बरं बाबा, इंडेंटची युक्ती चालेल. पट्टी मात्र काढणार नाही. आणि आडव्या पेशंटचं वजन काय नजरेने घ्यायचं?

खलबत्ता
प्लॅटफॉर्म काट्यावर स्ट्रेचरसकट घ्या, रिकाम्या स्ट्रेचरचं वजा करा. बायोमेडिकल कचऱ्याचं वजन रोज रजिस्टरला चढतंच की, म्हणजे काटा आहेच.

टाचणी
त्या काट्यावर स्ट्रेचरचं एक चाक बसेल. दुसरा मागवायला लिहा, सहीला आम्ही आहोतच.